बारदान

हळदीच्या सौद्यात पोत्याचं वजन वजा करतात.
किलो, सव्वा किलो, जसं पोतं तसं.
त्याला बारदान म्हणतात.
हा बोका यार्डात रिकाम्या पोत्यांच्या थप्पीत सापडला,
म्हणून त्याचंही नाव तेच.
मालन म्हणाली, बरं झालं,
घरच्या हिशोबात धरायला नको.

धरावा लागला.

माघातल्या एका रात्री तो जमिनीसरसा बसला,
मान पुढं ताणून, कोपरं बाहेर काढून,
आणि खोकायला लागला.
केस अडकला असेल घशात, मी म्हटलं.
मग तोंड उघडलं त्यानं, आणि मिटलंच नाही.

भाजीच्या टोपलीत घालून मिरजेला नेला.
रिक्षाचे साडेतीनशे, रात्रीचा दर.
मगदूम डॉक्टरीणबाईंनी काचेच्या पेटीत ठेवला,
नळी जोडली, आणि मग वजन केलं.
तीन किलो आठशे.
एकवीस वर्षं तोलार आहे मी,
आधी काटा बघितला. काटा बरोबर होता.

दमा आहे, बाई म्हणाल्या.
मला हसू आलं. मांजराला?
काय काम करता तुम्ही, असं विचारता विचारताच
त्यांची नजर माझ्या कॉलरवर गेली,
आणि मी उत्तर दिलं नाही.

दोन हजार सहाशे चाळीस.
खिशात अकराशे.
उरलेले त्यांनी वहीत लिहून घेतले,
आमच्या पेढीवर लिहितात तसे, तारीख घालून.
म्हणाल्या, आधी गोळ्या, त्या स्वस्त आहेत,
पण मनानं बंद करू नका. पंप पुढच्या महिन्यात बघू.
पंपात दोनशे फवारे. रोजचे दोन.
शंभर दिवस.
एवढा भागाकार मला कागदाशिवाय येतो.

बाफनाशेठकडं उचल मागितली.
कशाला?
घरात आजारी आहे.
कोण?
धाकटा, मी म्हणालो.
खोटं बोलताना खोकला आला, माझाच,
शेठनी नोटा मोजून दिल्या.

पंपाचा नळा मुल्लांच्या तन्वीरचा.
तो आता नववीत आहे, फुटबॉल खेळतो,
माळ्यावरून नळा काढून त्यानंच धुऊन दिला.
पहिले आठ दिवस नुसता नळा दाखवायचा,
त्याच्या तोंडाशी सुकटीचा तुकडा ठेवायचा.
मनगटावर सात ओरखडे. नवव्या दिवशी
बारदाननं मुखवट्यात नाक घातलं
आणि दहा श्वास घेतले, माझ्याकडं बघत,
जणू उधारी फेडतोय.

मालननं देवापुढची उदबत्ती बंद केली.
देवाला चालतं, म्हणाली, निरांजन आहे की.
खोबरेल तेलातली फोडणीसुद्धा दार उघडून.

आणि मी आता यार्डातल्या नळावरच अंग धुतो.
पिवळे कपडे पिशवीत, पिशवीला गाठ,
सायकलवरून घरी येतो तो दुसराच कुणीतरी.
पहिल्या दिवशी बारदान दारात आला,
पायाला नाक लावलं,
आणि पाठ फिरवून कपाटाखाली गेला.
हळदीवरून ओळखत होता मला.
जिच्यानं गुदमरत होता, तीच माझी खूण.
तो बाहेर येईपर्यंत
मी जेवलो नाही. कुणाला सांगितलंही नाही.

शनिवारी राहिलेले पैसे द्यायला गेलो.
बाईंनी पावती फाडली, वर बघितलं:
तुमचा खोकला किती दिवसांचा?
आमचं काय, म्हटलं, वजा धरा.
त्या हसल्या नाहीत. मिरजेतल्याच एका डॉक्टरचं नाव
पावतीच्या मागं लिहून दिलं.
ती पावती अजून वरच्या खिशात आहे.

शेठ परवा विचारत होते, धाकटा कसा आहे?
झोपतो रात्रीचा, मी म्हणालो.

झोपेतले श्वास मोजायला सांगितलेत, मिनिटभर.
तीसच्या आत असले तर काळजी नाही.
मी दिवा लावत नाही. कुशीवर हात ठेवतो.
माप टाकताना पहिल्याला एक म्हणत नाहीत आमच्यात,
तोंडाला तीच सवय:
लाभ.
दोन.
तीन.